दगडाच्या खालच्या अंगाला

फोल्कर्टनं दगड उलटा केला. दगड तो केवढा, अक्रोडाएवढा. वरच्या अंगाला हिरवं प्रवाळ होतं, बोटं आखडून बसलेलं, प्रवासानं रुसलेलं, पण धडधाकट. खालच्या अंगाला मात्र एका खोबणीत मसुरीच्या दाण्याएवढं एक तपकिरी बटण चिकटलं होतं. मिटलेला जीव तो, कडेला बारीक झालर असलेला; काचेच्या टाकीत समुद्रजीव पाळणारे त्याला बटणच म्हणतात. त्यानं चष्मा कपाळावर ढकलला, दगड डोळ्यांजवळ नेला, मग लगेच दूर धरला आणि हळूच काचेच्या वाडग्यात पाण्याखाली ठेवून दिला. हातात रबरी मोजे होते, तरी त्यानं हात पँटला पुसले. स्वयंपाकघरातून आल्मुटचा आवाज आला, "बसला का?" प्रवाळाचा दगड टाकीत बसवला का, असं तिला विचारायचं होतं. "नाही अजून. पाण्याला सरावू दे," तो म्हणाला. आवाज अगदी नेहमीसारखा निघाला. सांगायचं असतं तर आत्ताच सांगता आलं असतं, हे त्याला बोलून झाल्यावर कळलं.

घड्याळात तीनला वीस मिनिटं कमी होती. इन्सा पोपिंगा जाऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. इन्सा बंदरावर फेरीबोटीच्या उपाहारगृहात कामाला होती आणि घरात तिच्या तीन टाक्या होत्या, तिन्ही खाऱ्या पाण्याच्या. डबा वर्तमानपत्रात गुंडाळून, त्यावर नवऱ्याची लोकरी टोपी चढवून ती पोटाशी धरून आली होती. "मोइन, फोल्कर्ट," असा तिथला नमस्कार करून, "हे घे, तुझं तुला," म्हणत तिनं डबा त्याच्या हातात ठेवला. आठ वर्षांपूर्वी या प्रवाळाची फांदी त्यानंच कापून तिला दिली होती. एम्डेन गावातल्या टाकीवाल्यांचा हा रिवाजच. फांदी द्यायची, पैसे घ्यायचे नाहीत, आणि देणाऱ्याची टाकी कधी मेली तर घेणाऱ्यानं आपल्यातली एक फांदी त्याला परत नेऊन द्यायची. कुणी कुणाला काय दिलं हे कुणी लिहून ठेवत नाही, आणि विसरतही नाही. इन्सा चहाला थांबली नाही. स्वयंपाकघरात आल्मुटशी दोन मिनिटं काहीतरी बोलली आणि निघताना दारात वळून म्हणाली, "नीट बघून घे हां. खालून पण." त्याला थोडा रागच आला. बटणं खालून बघायची असतात हे गावाला शिकवलं कुणी?

म्हणजे इन्साला माहीत होतं का? असतं तर तिनं घरीच खरवडून टाकलं असतं. नसणारच माहीत. बोलायची रीत तिची. तो वाडग्यावर वाकून बसला. टाकीतून नळीवाटे थेंब थेंब पाणी वाडग्यात पडत होतं, दोन्ही पाण्यांचा खारेपणा आणि ऊब एक व्हायला हवी होती, त्याला तासभर लागणार होता. तासभर. त्याला बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

ही टाकी खरं तर आल्मुटनंच लावायला लावली. दोन वर्षं दिवाणखान्यातल्या भिंतीशी काहीच नव्हतं, नुसते जमिनीवर जुन्या टाकीच्या पायांचे चार दबलेले ठसे. जानेवारीत एकदा न्याहारीला पाव कापता कापता ती म्हणाली, "ओकंबोकं दिसतं ते. लाव परत." तो नको म्हणाला. ती म्हणाली, "नको काय? मी सांगतेय ना." त्याला तिचा चेहरा वाचता आला नाही. अलीकडे कधीच यायचा नाही. मग त्यानं टाकी आणली, पण यावेळी सगळं मेलेलंच घ्यायचं असं ठरवून. समुद्रातून निघालेला, पोटात नाना जीव घेऊन येणारा ओला दगड त्यानं घेतला नाही. कोरडे, पांढरेफेक, हाडांसारखे दगड घेतले. पूर्वी असे दगड घेणाऱ्यांना तोच हसायचा. टाकीच्या तळाच्या मापाचा पुठ्ठा कापून त्यानं स्वयंपाकघरातल्या टेबलावर अंथरला आणि त्यावर तीन आठवडे दगड मांडत, मोडत, परत मांडत बसला. दोघं ओट्याशी उभं राहून जेवायचे. डावीकडे मोठा डोंगर, उजवीकडे लहान, मोठ्याच्या पोटातून एक कमान. छिन्नीनं दगड फोडायचा, सिमेंटनं जोडायचा, चार पावलं मागं जाऊन एक डोळा मिटून बघायचं. गोदीत तीस वर्षं जहाजांचे पत्रे जोडलेला माणूस तो, सांधा दिसू देणं त्याच्या रक्तात नव्हतं. आल्मुट मागून म्हणायची, "मधे जागा सोड की. समोर भिंत आली की पोहणाऱ्याचा श्वास आखडतो." ती बावीस वर्षं नगरपालिकेच्या तरणतलावावर पोरांना पोहायला शिकवायची. आता ती तिथंच तिकिटाच्या खिडकीत बसते.

त्यानं जागा सोडली. दगड आधी तळाच्या काचेवर टेकवले आणि वाळू मग ओतली, नाहीतर खालून वाळू उकरली गेली की डोंगर एके दिवशी काचेवर येतो. पिंपात मीठ कालवलं. समुद्र दोन किलोमीटरवर असताना हा घरात समुद्र कालवतोय म्हणून शेजाऱ्यानं कुंपणावरून टोमणा मारला, "बांधापलीकडं फुकट मिळतो रे." पाणी भरून झालं आणि वाट बघणं सुरू झालं. पांढऱ्या दगडांवर तपकिरी मळ चढला, तो गेला, हिरवं शेवाळ आलं, तेही ओसरलं. पाच गोगलगायी सोडल्या. बारा आठवडे तो रोज संध्याकाळी पाणी तपासायचा आणि आल्मुट खुर्ची ओढून त्या ओसाड डोंगरांकडे बघत बसायची. एकदा तो म्हणाला, "त्यात बघण्यासारखं अजून काही नाही." ती म्हणाली, "मला घाई नाही." आज बघण्यासारखा पहिला जीव येणार होता. तोही जुन्या टाकीतलाच, तिचा लाडका. त्या हिरव्या बोटांना ती हिल्काआत्याचे हातमोजे म्हणायची, फोल्कर्टच्या आत्याचे तसलेच हिरवे लोकरी हातमोजे होते म्हणून.

आणि हातमोज्यांच्या मागे लपून हे आलं. तेही त्याचंच. त्याच्याच टाकीतलं, त्यानंच फांदीबरोबर नकळत दिलेलं, आठ वर्षं इन्साकडे कुठंतरी राहिलेलं, आता रिवाजाप्रमाणं परत आलेलं. जुन्या टाकीत या बटणांनी शेवटी कहर केला होता. एकाची दहा, दहाची शंभर, दगडच्या दगड झाकून टाकले. दिसायला छान, मधे हिरवा ठिपका. पाण्यात असतात तोवर ती कुणाच्या वाटेला जात नाहीत. पण कापली, चिरडली, त्यावर गरम पाणी पडलं की त्यांच्यातलं विष वाफेबरोबर उठतं. हे फोल्कर्टला माहीत नव्हतं असं कुणी म्हणू शकत नव्हतं. त्यानंच खानावळीच्या मागच्या खोलीत टाकीवाल्यांच्या मंडळाच्या बैठकीत त्यावर अर्धा तास भाषण दिलं होतं, टेबलावर मूठ आपटून. हातमोजे, चष्मा, आणि गरम पाणी कधीही नाही. त्यानंतर दोन महिन्यांनी, एका शनिवारी सकाळी, त्यानं चार दगड न्हाणीघरातल्या टबात ठेवले आणि त्यावर किटलीनं उकळतं पाणी ओतलं. का? तर रविवारी मंडळाची माणसं टाकी बघायला येणार होती आणि बटणांनी माखलेले दगड त्याला दाखवायचे नव्हते. एवढंच कारण. दुसरं काही मोठं कारण सापडतं का म्हणून त्यानं दोन वर्षं शोधलं.

पाणी ओतून तो मीठ आणायला तळघरात गेला. आल्मुट टॉवेल वाळत घालायला न्हाणीघरात गेली. आरसा धुरकटला होता म्हणून तिनं तो पुसला, सगळे टॉवेल नीट टांगले, दहाएक मिनिटं आत होती. दुपारी तिला खोकला सुरू झाला, मग हुडहुडी, मग श्वास लागेना. तीन वाजता रुग्णवाहिका आली. या सगळ्यात फोल्कर्टला जे आठवायला नको असायचं ते एवढंसंच होतं, त्याच्या स्वतःच्या जिभेवरची चव. धातूची, गोडसर. जस्ताच्या पत्र्यावर वेल्डिंग करून धूर नाकातोंडात गेला की गोदीतल्या प्रत्येकाला ती चव यायची आणि रात्री ताप भरायचा. त्यावर गोदीतला उपाय ठरलेला होता, दूध प्यायचं आणि झोपायचं. त्या दुपारी गाडीचा भोंगा गल्लीच्या तोंडाशी वाजत असताना तो ओट्याशी उभा राहून पेलाभर दूध प्यायला. म्हणजे त्याला कळलं होतं. डोक्यानं कबूल केलं नव्हतं, पण हातानं दूध ओतून घेतलं होतं.

इस्पितळात तरुण डॉक्टरनं विचारलं, "घरात काही रसायन वापरलंत? रंग, सफाईचं औषध?" तो म्हणाला, "नाही." रसायन नव्हतंच, तेव्हा शब्दाला शब्द खराच होता. पण पहिल्या तासाला तो शब्द हलका होता, मागं घेता आला असता. मग रक्त तपासायला गेलं, कुठला जंतू आहे ते शोधायला लागले, माणसं धावपळ करायला लागली आणि प्रत्येक तासाला तो मागं घेणं अवघड होत गेलं. मंडळात काय म्हणतील? आल्मुट काय म्हणेल? सकाळी सातला, दुसरं फुप्फुसही भरत चाललंय असं सांगायला डॉक्टर बाहेर आला तेव्हा त्यानं सांगितलं. सोळा तासांनी. डॉक्टर "काल सांगायचं होतंत," म्हणाला आणि वळून आत गेला. आल्मुट पाचव्या दिवशी बोलण्याइतकी बरी झाल्यावर त्यानं तिला दगडांचं सांगितलं. फक्त एवढं बदललं की आपल्याला हे रविवारी सकाळी उमगलं. ती "हं" म्हणाली. त्या "हं" वर ते दोघं दोन वर्षं राहत होते.

नळी ठिबकत होती. तो उठला, शयनघरात जाऊन खिशात चष्म्याचा रुमाल घालून आला. दाराआड तिची निळी बॅग उभी होती, शुक्रवारपासून. एरवी ती कपाटावर असायची. नॉर्डरनाय बेटावर समुद्राची हवा घ्यायला डॉक्टरनं तिला तीन आठवडे पाठवायचं ठरवलं होतं, पण ते जुलैच्या शेवटी, आणि आज जूनची सुरुवात होती. बॅग एवढ्या लवकर कशाला काढली, हे त्यानं विचारलं नव्हतं. त्या घरात न विचारलेल्या गोष्टी बऱ्याच साठल्या होत्या, त्यात आणखी एक.

परत येऊन तो वाडग्यापाशी बसला तेव्हा बटण उमललं होतं. किंचितसं. मधला हिरवा ठिपका दिसत होता. फोल्कर्टनं खुर्ची मागं सरकवली. यात काही धोका नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. एक बटण, पाण्याखाली. वरून गोंद थापला की दोन दिवसांत मरेल, खरवडायलाही नको, वाफ नाही की चव नाही. गोंदाची नळी हाताशीच होती, प्रवाळ चिकटवायची, पाण्यातही झटपट धरणारी. कुणाला सांगायची गरजच नव्हती. सांगून काय होणार? ती घाबरणार. तिला न घाबरवणं हेही काळजी घेणंच ना? हे वाक्य मनात पुरं झालं आणि त्याला ते ओळखीचं वाटलं. इस्पितळाच्या बाकड्यावरही तो असंच काहीतरी स्वतःला समजावत बसला होता, तिला आधी बरं होऊ दे, मग सांगू. स्वयंपाकघरात कपाट उघडल्याचा आवाज झाला, बशा वाजल्या. मग तिचा श्वास. वाकून वर आली की एक बारीक शीळ यायची त्यात. ती ऐकायची त्याला सवय झाली होती आणि कधीच होत नव्हती.

त्यानं दगड बाहेर काढला. कागदानं टिपला. गोंदाच्या नळीचं तोंड खोबणीत टेकवून दाबलं. पांढरा गोंद बटणावर पसरला, झालरीवर, ठिपक्यावर, आणि सगळं सारखं झालं. मग तोच दगड त्यानं टाकीत उतरवला आणि उजवीकडच्या लहान डोंगरावर, खालचं अंग खाली दाबून, पक्का बसवला. सांधा कुठं दिसत नव्हता. मोजे पिशवीत, पिशवीला गाठ, पिशवी दुसऱ्या पिशवीत. हात तीनदा धुतले. हातांना काही झालेलं नव्हतं. त्याला स्वतःची किळस आली, अगदी स्वच्छ, लहान मुलाला येते तशी.

"चहा," आल्मुटनं हाक मारली.

चहाला आज साडेतीन झाले होते. टेबल दिवाणखान्यातच मांडलेलं, टाकीसमोर. तिनं कपात खडीसाखरेचा खडा टाकला, वर कढत चहा ओतला, खडा तडकला. मग कडेनं चमचाभर साय सोडली. ढवळायचं नाही. तीन कप होईपर्यंत चमचा बशीतच राहतो. ज्यानं तो कपात ठेवला त्याचा चहा संपला आणि बसणंही संपलं, असं या मुलखात लहान पोरालाही कळतं.

"हातमोजे अजून मिटलेलेच आहेत," ती टाकीकडे बघत म्हणाली.

"दोन दिवस रुसणार."

"इन्सा बारीक झालीय, नाही?"

"असेल. लक्ष नव्हतं माझं."

"तुझं कुठं असतं कुणाकडं? दगडाला सुरकुती पडली तर तेवढी कळेल तुला." ती हसली, आणि हसण्यातून खोकला आला. तो संपेपर्यंत फोल्कर्ट टेबलक्लॉथवरची नक्षी बघत राहिला. पहिला कप संपला. ती दुसरा ओतायला लागली. "मघाशी काय चिकटवत होतास एवढा वेळ?"

"दगड डुगडुगत होता."

"हं."

तोच "हं". साय चहात ढगासारखी वर आली आणि तो बघत बसला. आज दुपारपासून तो दोनदा लपवून बोलला होता आणि दोन्ही वेळा आवाज हलला नव्हता. याचीच त्याला सगळ्यात भीती वाटली. दगडाचं काही नाही, पण आता हे असंच जमत जाणार. जुलैत ती बेटावर जाईल, परत येईल, नाहीतर येणार नाही, आणि तो टाकीसमोर बसून सांधे न दिसणारे डोंगर बांधत राहील. दुसरा कप कधी संपला ते त्याला कळलं नाही.

आल्मुटनं किटली उचलली. "अजून?"

त्याचा हात चमच्याकडे गेला. बोटांनी चमचा उचललाही. कपात ठेवला की झालं, ती उठेल, कप विसळेल, दिवस पुढं जाईल. चमचा कपाच्या कडेला लागून वाजला. मग त्यानं तो परत बशीत ठेवला.

"दगडाच्या खालच्या अंगाला एक बटण होतं," तो म्हणाला. "तसलंच. मी गोंदानं बुजवलं. तुला सांगणार नव्हतो."

किटली तशीच धरून ती थांबली.

"आणि त्या वेळी पण," आता थांबलं की संपलं हे त्याला माहीत होतं, "मला रविवारी नाही कळलं. शनिवारीच कळलं होतं. तुला न्यायला गाडी येत होती तेव्हा. मी नाही सांगितलं. मला लाज वाटली म्हणून नाही सांगितलं, दुसरं काही कारण नव्हतं."

तिनं त्याच्या कपात खडा टाकला आणि तिसरा चहा ओतला.

"दुधाचा पेला ओट्यावर होता," ती म्हणाली. "स्ट्रेचरवरून नेताना दिसला मला. तू दूध पीत नाहीस, फोल्कर्ट. तीस वर्षं गोदीवाल्याची बायको आहे मी."

त्यानं बशी टेबलाच्या कडेपासून आत सरकवली.

"इन्सानं शुक्रवारी फोन केला होता. म्हणाली, खाली एक बटण दिसतंय, खरवडून आणते. मी म्हटलं, राहू दे. चिडली ती माझ्यावर. आजही स्वयंपाकघरात तेच म्हणत होती, हे बरं नव्हे म्हणून."

"का राहू दिलंस?"

"मला बघायचं होतं." तिनं स्वतःचा कप उचलला, उरलेला चहा हळूहळू प्यायली, मधे एकदा श्वास घ्यायला थांबली. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चारला दहा मिनिटं कमी. "'बसला का' म्हणून विचारलं होतं तुला. तेव्हापासून एक तास दहा मिनिटं," ती म्हणाली. "गेल्या वेळी सोळा तास आणि वर दोन वर्षं."

हे बोलणं माफीचं आहे की नुसता हिशेब, हे त्याला कळेना. तिनं चमचा उचलून कपात ठेवला. टाकीत हिरव्या हातमोज्यांचं एक बोट, अगदी टोकाचं, उलगडून पाण्याबरोबर हलत होतं, तिकडं दोघांनीही पाहिलं.

"ती बॅग कपाटावर ठेव," आल्मुट म्हणाली. "मला नाही उचलत."

तो शयनघरात गेला. बॅगेचं हँडल धरून उचलायला गेला तर ती जागची हलेना. तीन आठवड्यांच्या कपड्यांचं हे वजन नव्हतं. त्यानं ती पलंगावर आडवी टाकली.

"अशी नाही जायची वर," तो आतूनच म्हणाला. "रिकामी करावी लागेल."

बाहेर खुर्ची सरकली, मग ती बारीक शीळ, मग तिचा आवाज.

"कर मग."

त्यानं बॅगेची चेन उघडली. सगळ्यात वर तिचा हिवाळ्यातला कोट होता, त्याच्या खिशात तलावावरची जुनी शिट्टी. त्यानं कोट झटकला आणि कपाटात त्याच्या जागी टांगला.